श्रद्धेने सेवा, पुराव्याने निर्णय

(सेवाक्षेत्रातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात सार्वजनिक आरोग्य या विषयावर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)



पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली एका प्रचंड कार्याला प्रारंभ झाला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे ते कार्य. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याची धुरा वाहिली. त्यांच्या निधनानंतर इतर विद्वानांनी ते पुढे नेले आणि १९६६ साली १९ खंडांत ते पूर्णत्वास गेले. शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिप्यांतील १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी अभ्यासण्यात आली. या कार्याचे स्मरण आरोग्याच्या व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न कुणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु आजच्या विषयाचे मर्म जितके या उदाहरणातून उलगडते, तितके वैद्यकशास्त्राच्या परिभाषेतून उलगडणार नाही.

त्या पंडितांनी काय केले? एखादी पोथी देखणी आहे, एखाद्या संस्थानिकाच्या संग्रहातील आहे किंवा आपल्या प्रांतातील आहे, म्हणून तिचा पाठ त्यांनी प्रमाण मानला नाही. मिळतील तितक्या पोथ्या त्यांनी मिळवल्या. प्रत्येकीचे मूळ, काल आणि विश्वासार्हता तपासली. एकाच पोथीवरून दहा नकला झाल्या असतील, तर त्यांना दहा स्वतंत्र साक्षीदार मानले नाही. त्यांची साक्ष एकच धरली. कोणता पाठ स्वीकारायचा याचे नियम आधी ठरवले आणि मग ते सर्वत्र लावले. नाकारलेले पाठही त्यांनी फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते वाचकांपुढे ठेवले, म्हणजे ज्याला निर्णय पटणार नाही त्याला तो पडताळून पाहता यावा. श्रद्धेचा विषय असूनही, किंबहुना श्रद्धेचा विषय होता म्हणूनच, त्यांनी साक्षेपात कसूर केली नाही.

औषधे, लसी, पोषण आहार, बाळंतपणातील काळजी यांविषयी जगभर होणाऱ्या संशोधनाला हीच शिस्त लावली की जे तयार होते, त्याला 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' म्हणजे पद्धतशीर आढावा म्हणतात. एकाच उपायावर निरनिराळ्या देशांत वीस-पंचवीस चाचण्या होतात. काहींत तो गुणकारी ठरतो, काहींत निरुपयोगी. काही चाचण्या मोठ्या आणि काटेकोर असतात, तर काही लहान आणि ढिसाळ. अशा वेळी प्रश्न नेमका ठरवायचा, शोधाचे नियम आधी लिहून ठेवायचे, प्रकाशित-अप्रकाशित सारे अभ्यास धुंडाळायचे, प्रत्येकाचा कस पाहायचा आणि शक्य असेल तेथे त्यांच्या आकड्यांची शास्त्रशुद्ध बेरीज करायची. या बेरजेला 'मेटा-अॅनालिसिस' असे नाव आहे. अप्रकाशित अभ्यासांचा शोध विशेष महत्त्वाचा, कारण यशाची वार्ता छापून येते आणि अपयश कपाटात राहते. केवळ छापील अभ्यास मोजले, तर प्रत्येक औषध रामबाण वाटू लागेल.

आढावा न घेतल्याची किंमत

हे सारे विद्वानांच्या विरंगुळ्याचे काम नव्हे. त्यात हयगय झाली तर माणसे मरतात. पाश्चात्त्य देशांचा अनुभव या दृष्टीने डोळे उघडणारा आहे.

युरोप आणि अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तान्ह्या बाळाला पालथे झोपवावे, असा सल्ला नामांकित बालरोगतज्ज्ञ देत असत. त्यामागचा तर्क वरकरणी सयुक्तिक होता. उताणे झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाईल, ही ती भीती. लाखो मातांनी तो सल्ला शिरोधार्य मानला. दरम्यान झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांविषयीचे अभ्यास एकामागून एक प्रसिद्ध होत होते, परंतु ते एकत्र मांडून पाहण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. बाळांना उताणे झोपवा, अशी मोहीम ब्रिटनमध्ये सुरू झाली ती १९९१ साली. पुढे २००५ साली संशोधकांनी जुन्या सर्व अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. पालथे झोपवणे धोक्याचे असल्याचे सांगणारा पुरावा १९७० सालीच उपलब्ध होता, असे त्यातून दिसून आले. तो वेळीच एकत्र पाहिला असता, तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार बाळांचे प्राण वाचू शकले असते, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. येथे हेतू कुणाचाच वाईट नव्हता. सल्ला देणारे तज्ज्ञ होते, तळमळीचे होते. चूक एवढीच झाली, की तर्काला पुरावा समजले गेले.

दुसरे उदाहरण अकाली प्रसूतीचे. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. प्रसूतीपूर्वी मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास ती लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाऊवी यांनी १९७२ साली चाचणीने दाखवून दिले. नंतर आणखी चाचण्या झाल्या. त्यांपैकी अनेक लहान होत्या, म्हणून प्रत्येकीचा निष्कर्ष एकेकटा पाहिला तर संदिग्ध वाटे. परिणामी बहुसंख्य प्रसूतितज्ज्ञ पुढची दोन दशके साशंक राहिले आणि एका स्वस्त इंजेक्शनाअभावी हजारो बाळे दगावली. १९८९ साली या साऱ्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा चित्र स्वच्छ झाले. आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९७२ सालीच, वैद्यकातील प्रत्येक उपायाची काटेकोर चाचणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष सर्वांना उपलब्ध व्हावेत, असा आग्रह आपल्या ग्रंथातून धरला होता. त्यांच्याच नावाने १९९३ साली ऑक्सफर्डमधून पद्धतशीर आढाव्यांचे आंतरराष्ट्रीय कार्य सुरू झाले. या संस्थेच्या बोधचिन्हावर आहे तो याच स्टेरॉइड-चाचण्यांचा आलेख. आपल्या चुकीचे स्मारक करून ते नित्य डोळ्यांपुढे ठेवण्याचा हा मोठेपणा घेण्याजोगा आहे.

गडचिरोलीने घालून दिलेला पाठ

आता आपल्या भूमीकडे वळू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. १९८८ सालच्या त्यांच्या पाहणीत तेथील बालमृत्यूचा दर हजार जन्मांमागे १२१ इतका आढळला. प्रथम त्यांनी बालकांच्या न्यूमोनियावर गावपातळीवरील उपचारांचा प्रयोग केला. पुढे नवजात बाळांकडे लक्ष वळवले. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत बाळे दगावत, आणि त्यावरचा त्या काळचा पुस्तकी उपाय होता रुग्णालय. परंतु रुग्णालय कोसो दूर, रस्ता नाही, पैसा नाही आणि पहिल्या महिन्यात बाळाला घराबाहेर काढण्याची रीत नाही.

'सर्च'ने उपचारच बाळाच्या घरी नेला. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. बाळ गुदमरलेले असेल तर श्वास कसा सुरू करायचा, त्याला ऊब कशी द्यायची, वजन कसे करायचे, स्तनपानात मातेला साह्य कसे करायचे, जंतुदोषाची लक्षणे कशी ओळखायची आणि वेळ पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन कसे द्यायचे, हे सारे त्या शिकल्या. ३९ गावांत हा उपक्रम झाला आणि तुलनेसाठी ४७ गावे निवडली गेली. उपक्रमाच्या गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. तुलनेच्या गावांत ते ५८ होते, ते ५९.६ झाले. तुलनेने पाहता ही घट ६२ टक्के होती. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

कोणाही राष्ट्राभिमानी माणसाची मान उंचावेल अशी ही घटना. तरीही शासनाने दुसऱ्याच दिवशी देशभर योजना लागू करावी, असे म्हणणे घाईचे ठरले असते. रास्त शंका उपस्थित झाल्या. गावांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. काम करणारे डॉक्टर असामान्य निष्ठेचे होते. त्यांच्याशिवाय, सामान्य यंत्रणेच्या हाती हा उपाय टिकेल का? या शंका द्वेषातून आलेल्या नव्हत्या. शास्त्राचा तो धर्मच आहे. त्यांचे उत्तर वादविवादाने मिळणार नव्हते, पुन्हा पुन्हा करून पाहिल्यानेच मिळणार होते.

तसे करून पाहिले गेले. महाराष्ट्रात सात ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी 'अंकुर' प्रकल्प राबवला. उत्तर प्रदेशातील शिवगढ येथे आणि बांगलादेशातील सिल्हेट येथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. शिवगढला नवजात मृत्यूंत ५४ टक्के, तर सिल्हेटला घरभेटीच्या गटात ३४ टक्के घट दिसली. मग दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ गोगिया आणि डॉ. हर्षपाल सिंग सचदेव यांनी घरभेटींच्या चाचण्यांचा पद्धतशीर आढावा घेतला. २०१० साली तो जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रकाशित झाला. निकषांत बसलेल्या पाच चाचण्या साऱ्या दक्षिण आशियातील होत्या. एकत्रित हिशेबात नवजात मृत्यूंचा धोका ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचे निष्पन्न झाले.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली, ६२ टक्क्यांचा आकडा ३८ वर आला म्हणून गडचिरोलीचे कार्य उणे ठरत नाही. एखाद्या ध्येयनिष्ठ संस्थेने स्वतःच्या देखरेखीखाली मिळवलेले यश आणि निरनिराळ्या यंत्रणांना निरनिराळ्या मुलखात मिळालेले यश यांत अंतर असणारच. शासनाला योजना आखायची असते ती दुसऱ्या आकड्यावर विसंबून. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. जेथे निम्म्या किंवा त्याहून अधिक बाळांपर्यंत घरभेटी पोहोचल्या, तेथे प्राण अधिक वाचले, असे त्याच आढाव्याने दाखवले. म्हणजे उपाय चांगला असणे पुरेसे नाही. तो दारापर्यंत गेला पाहिजे. कार्यकर्त्याला जे अनुभवाने ठाऊक असते, त्याला येथे आकड्यांचा आधार मिळाला.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली होती. २०११ साली भारत शासनाने 'आशा' कार्यकर्तीमार्फत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची योजना देशभर सुरू केली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी सहा आणि घरी जन्मलेल्यासाठी सात भेटी, शेवटची ४२ व्या दिवशी. गडचिरोलीच्या पद्धतीतील प्रत्येक गोष्ट योजनेत आली, असे मात्र नाही. प्रतिजैविकाचे इंजेक्शन 'आशा'च्या हाती दिले गेले नाही. विशिष्ट परिस्थितीत ते देण्याची मुभा २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी परिचारिकेला, म्हणजे 'ए.एन.एम.'ला दिली. नमुना नोंदणी पाहणीनुसार भारतातील नवजात मृत्युदर २००० साली हजारी ४४ होता, तो २०२० साली २० झाला. महाराष्ट्रात त्या वर्षी तो ११ होता. ही सारी घट एकाच योजनेची पुण्याई नव्हे. रुग्णालयातील प्रसूती वाढल्या, लसीकरण वाढले, रस्ते झाले, मुली शिकल्या. परंतु गडचिरोलीच्या झोपडीत सुरू झालेला एक प्रयोग पुराव्याच्या पायऱ्या चढत राष्ट्राच्या धोरणापर्यंत पोहोचला, हे निर्विवाद आहे.

परदेशचे अनुमान आणि नागपूर-बेळगावचा अनुभव

पुरावा मान्य करावा, परंतु तो कोठून आला हेही विचारावे. स्टेरॉइडच्या कथेचा उत्तरार्ध हेच शिकवतो.

ज्या चाचण्यांमुळे हे इंजेक्शन जगन्मान्य झाले, त्यांतील बहुतेक सधन देशांतील सुसज्ज रुग्णालयांत झाल्या होत्या. तेथे गर्भाचे दिवस सोनोग्राफीने नेमके ठाऊक, आणि जन्मल्यावर बाळासाठी अतिदक्षता विभाग हाताशी. जे तेथे उपयोगी पडले, ते गरीब देशांच्या खेड्यांत प्रत्येक मातेपर्यंत पोहोचवले तर किती बाळे वाचतील, अशी सर्वांनाच उमेद होती. सहा देशांत याची मोठी चाचणी घेण्यात आली. भारतातील केंद्रे होती नागपूर आणि बेळगाव. सुमारे एक लाख जन्मांचा समावेश असलेल्या या चाचणीचा निष्कर्ष २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि तो धक्कादायक होता. सर्व देशांचा एकत्रित विचार करता नवजात मृत्यू कमी झाले नाहीत. उलट ज्या विभागांत इंजेक्शनाचा प्रसार केला, तेथे हजार जन्मांमागे सुमारे साडेतीन मृत्यू अधिक झाले आणि मातांमधील जंतुसंसर्गाची शंकाही वाढली.

हे असे का व्हावे? खेड्यात गर्भाचे दिवस अंदाजाने मोजले जातात. त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्या मातांपैकी बहुतेकींची बाळे अकाली जन्मलेली नव्हतीच. ज्यांना औषधाची गरज नव्हती त्यांना ते मिळाले, आणि ज्या बाळांना जन्मानंतर दक्षतेची गरज होती त्यांना ती मिळाली नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशीला अटी जोडल्या. गर्भाचे दिवस नेमके ठाऊक असावेत, मातेला जंतुसंसर्ग नसावा, अकाली जन्मलेल्या बाळाची काळजी घेण्याची सोय असावी. पुढे भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत या अटी पाळून नवी चाचणी झाली. २०२० साली तिचा निष्कर्ष आला. इंजेक्शन दिलेल्या गटात नवजात मृत्यूंचे प्रमाण १९.६ टक्के, तर न दिलेल्या गटात २३.५ टक्के. औषध तेच, देशही गरीबच. योग्य जागी योग्य रीतीने दिले तेव्हा ते तारक ठरले.

यातून कोणता बोध घ्यावा? विदेशी शास्त्र त्याज्य आहे, हा नव्हे. विदेशात सिद्ध झाले म्हणजे येथेही सिद्ध झाले, हाही नव्हे. आपल्या हवापाण्यात, आपल्या आहारात, आपल्या गावाच्या रचनेत ते करून पाहिले पाहिजे. आणि ते पाहण्याची कुवत आपल्याच संस्थांत असली पाहिजे. क्षयावरील बी.सी.जी. लसीचा दाखला असाच आहे. तामिळनाडूतील चेंगलपट्टू भागात १९६८ साली सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत, प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून या लसीने संरक्षण मिळत नसल्याचे दिसले, तर ब्रिटनमधील चाचणीत ते चांगले मिळाले होते. १९९४ च्या एकत्रित विश्लेषणात विषुववृत्तापासूनच्या अंतराप्रमाणे लसीचा परिणाम बदलत असल्याचे आढळले. बालकांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून मात्र ती वाचवते, म्हणून ती आजही दिली जाते. एकाच लसीविषयी 'चांगली की वाईट' हा प्रश्नच अपुरा आहे. 'कोणासाठी, कोठे आणि कशासाठी' हा प्रश्न पुरा आहे.

स्वदेशीलाही कसोटी हवी

हाच न्याय आपल्या वैद्यकपरंपरेलाही लावायला हवा, आणि त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चरकसंहितेने ज्ञानाच्या परीक्षेचे चार मार्ग सांगितले आहेत. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. अनेक कारणांच्या संयोगातून परिणाम कसा घडतो, हे जाणणारी बुद्धी म्हणजे युक्ती. त्याच संहितेच्या विमानस्थानात जाणकारांनी परस्परांशी चर्चा कशी करावी, याचे सविस्तर विवेचन 'तद्विद्यसंभाषा' या नावाने आले आहे. आजची सांख्यिकी चाचणी चरकाला ठाऊक होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल आणि ते परंपरेच्या गौरवाचेही होणार नाही. परंतु गुरूने सांगितले एवढ्यावर न थांबता प्रत्यक्षाने आणि युक्तीने पारखावे, ही वृत्ती आपल्याला उसनी आणायची नाही, हे निश्चित.

सर्पगंधेचे उदाहरण पाहा. ही वनस्पती आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याविषयी लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर वापर करून १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध लिहिला, तेव्हा जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५७ साली त्यांना अमेरिकेतील प्रतिष्ठित लास्कर पुरस्कार मिळाला. तिच्यातील रिसर्पिन या द्रव्याचा कॉक्रन आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. निकषांत बसलेल्या चाचण्या अवघ्या चार आणि त्यांतील रुग्ण २३७. रिसर्पिनने वरचा रक्तदाब उतरतो, हे त्यातून मान्य झाले. मात्र त्याने दीर्घकाळात आयुष्य वाढते काय, हे सांगायला पुरावा अपुरा असल्याचेही त्यात नोंदले गेले. या निष्कर्षाने रागावण्याचे कारण नाही. जगाने आपल्या वनस्पतीला तराजूत घातले, ती खरी उतरली, आणि जेथे वजन कमी पडले तेथे आपणच चाचण्या कमी केल्या होत्या. परंपरेचा अभिमान सभांतील घोषणांपेक्षा अशा चाचण्यांतून अधिक सिद्ध होईल.

पुराव्याची मर्यादा

पुरावा म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. आढावा जितका त्यातील अभ्यासांइतकाच खरा. जीवनसत्त्व 'अ'चे डोस दिल्याने बालमृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी घटतात, असे १९९३ च्या आढाव्याने दाखवले होते. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख बालकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली आले. तीत घट अवघी चार टक्के, म्हणजे योगायोगानेही दिसू शकेल इतकी होती. ती जुन्या चाचण्यांत मिळवली तेव्हा एकत्रित आकडा ११ टक्क्यांवर आला. त्या चाचणीत डोस खरोखर किती बालकांपर्यंत पोहोचले, यावर तज्ज्ञांत वाद झाले. नवा पुरावा आला की हिशेब पुन्हा मांडावा लागतो. ही शास्त्राची चंचलता नसून प्रामाणिकपणा आहे.

संकटकाळी तर या प्रामाणिकपणाची कसोटीच लागते. २०२० साली कोरोनाच्या थैमानात बऱ्या झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा मिळवण्यासाठी नातेवाईक वणवण फिरले. प्लाझ्मा दान करणाऱ्यांचा सेवाभाव निर्मळ होता. परंतु त्याच काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. प्लाझ्माने आजार बळावणेही थांबले नाही आणि मृत्यूही कमी झाले नाहीत, असे तीत दिसले. ऑक्टोबर २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा राष्ट्रीय उपचारसूचीतून वगळला गेला. मधल्या सात महिन्यांत किती कुटुंबांनी दागिने मोडले, किती रात्री रक्तपेढ्यांच्या दारात काढल्या, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. पुरावा आपलाच होता, उत्तम होता; तो निर्णयापर्यंत पोहोचायला वेळ लागला. पुरावा निर्माण करणे आणि तो कृतीत आणणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला समाजाच्या जागृतीची जोड लागते.

कार्यकर्त्याचे काम

ही जागृती कोण करणार? वस्तीवस्तीत जाणारा, ज्याच्या शब्दावर घरातील वडीलधाऱ्यांपासून सुनांपर्यंत सारे विश्वास ठेवतात असा कार्यकर्ताच ती करू शकेल. त्याने संशोधक व्हावे, अशी अपेक्षा नाही. त्याने चार प्रश्न विचारायला शिकावे. हा उपाय कुणाशी तुलना करून तपासला आहे काय? एकदाच की अनेकदा? ज्यांच्यावर तपासला ती माणसे आपल्या वस्तीतील माणसांसारखी होती काय? आणि त्याने अपाय किती झाला, हे कुणी मोजले आहे काय? आरोग्य शिबिर भरवताना, औषधे वाटताना, एखाद्या दात्याने देऊ केलेले 'शक्तिवर्धक' स्वीकारताना हे प्रश्न विचारले, तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

या कामी साधनेही उपलब्ध होत गेली आहेत. २००७ साली आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने कॉक्रन आढाव्यांचा संग्रह सर्व भारतीयांसाठी विनामूल्य खुला करून दिला. २०१७ साली केंद्र शासनाच्या आरोग्य संशोधन विभागात आरोग्य तंत्रज्ञानाचे मूल्यमापन करणारी यंत्रणा उभी राहिली. एखादा उपाय गुणकारी आहे काय आणि त्यावरचा खर्च राष्ट्राला परवडेल काय, हे तेथे तपासले जाते. गरीब राष्ट्राला उधळपट्टी परवडत नाही. निरुपयोगी उपायावर खर्च झालेला प्रत्येक रुपया कुठल्या तरी बाळाच्या उबदार दुपट्यातून कापलेला असतो.

आपल्या सेवाकार्याचा प्राण श्रद्धा आहे, आणि तो तसाच राहावा. श्रद्धा माणसाला मध्यरात्री पावसात चिखल तुडवत झोपडीपर्यंत नेते. परंतु झोपडीत पोहोचल्यावर बाळाला काय द्यायचे, हे श्रद्धा सांगत नाही. ते सांगायला पुरावा लागतो. गडचिरोलीतील त्या अल्पशिक्षित भगिनी बाळाचे वजन करत, श्वास मोजत आणि प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू वहीत नोंदवून ठेवत. मृत्यू लपवावा असे त्यांना वाटले नाही, कारण ती नोंदच पुढच्या बाळाच्या कामी येणार होती. आपल्या प्रत्येक सेवाकेंद्रात अशी एक वही असावी. यश आणि अपयश दोन्ही तीत सारख्याच अक्षरात लिहिले जावे, आणि वर्षाअखेरीस ती सर्वांसमोर उघडली जावी. आजच्या अभ्यासवर्गातून परतताना प्रत्येक कार्यकर्त्याने एवढा एकच संकल्प सोबत न्यावा.